पाहायचा श्वास, ओढायचा श्वास

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांचे देठ खुडणं. होळी जवळ आली होती. मी कळमन्याच्या बाजारातून भिवापुरी मिरची आणली होती, पाच किलो, वर्षभराच्या तिखटाची. आंगणात तिची जुनी साडी अंथरून त्यावर मिरच्या ओतल्या आणि दोघं समोरासमोर बसलो. ती देठ खुडत होती, मीही खुडत होतो, पण माझ्या हातून अर्धी मिरचीच देठासोबत जायची. ती माझ्या बाजूचे देठ उचलून बघायची आणि त्यातली मिरची काढून आपल्या ढिगात टाकायची. बोलली नाही काही. नुसती टाकत गेली. हे बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

ती खोकत होती. मी म्हटलं, "तोंडाले पदर बांध वं."

"चाळीस वर्सं झाले तिखट करून राहिली मी," ती म्हणाली. "आता पदर शिकवता मले?"

संध्याकाळीही खोकत होती. दुसऱ्या दिवशीही. आम्हा दोघांनाही वाटलं, मिरचीचा ठसका आहे, जाईल. मी काढा करून दिला. चार दिवस मिरचीच्या नावावर गेले. पाचव्या दिवशी तिला न्हाणीतून खाटेपर्यंत येता येईना. मधेच भिंत धरून उभी राहिली, तेव्हा मी पोरीला फोन केला. आम्हाला एकच मुलगी. महाल भागात दिली आहे, घरी शिवणकाम करते. ती आली, आईकडं एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "बाबा, तुमाले दिसत नाई का? ओठ निळे झाले."

मला दिसत नव्हतं. रोज पाहणाऱ्याला दिसत नाही.

दवाखान्यात नेल्यावर दुसऱ्या दिवशी तिला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. तोंडातून नळी घातली होती आणि झोपेचं औषध सुरू होतं. न्यूमोनिया म्हणाले, दोन्ही बाजूंनी. भेटायची वेळ दोन वेळा, सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, अर्धा अर्धा तास, एका वेळी एकच माणूस. चपला बाहेर, अंगावर हिरवा झगा. झगा उलटा घालायचा असतो, बंद पाठीमागं. मी पहिल्या दिवशी शर्टासारखा घातला तर सिस्टर हसली. मला हसू आलं नाही, पण राग पण नाही आला. हसणारं कोणी तरी तिच्याजवळ आहे, एवढंच मनात आलं.

दोन आठवडे ती झोपूनच होती. मी बाजूला उभा राहायचो आणि तिची छाती वरखाली होताना पाहायचो. एकसारखी, घड्याळासारखी. ती तशी कधी श्वास घ्यायची नाही. तिचं सगळंच घाईत. मला ते पाहून बरं वाटायचं, की चला, हिला आराम मिळून राहिला. आयुष्यात हिनं कधी दुपारी अंग टाकलं नाही. लोकांच्या घरची धुणीभांडी केली, आपलं घर केलं, पोरीचं बाळंतपण केलं. आता मशीन हिचं काम करते आहे तर करू दे. मी खरंच असा विचार करायचो.

मग ताप गेला. फोटो काढला, छाती साफ आली. मी पोरीला म्हटलं, आता दोन दिवसांत घरी. पण मशीन काढून पाहिली तर दहा मिनिटांत तिचा दम संपला, घाम फुटला, परत लावावी लागली. दोनदा असंच झालं. मग गळ्याला छोटं भोक पाडून तिथून नळी घातली, तोंड मोकळं झालं. सही माझीच घेतली. चौथी शिकलेला माणूस मी, सही तेवढी चांगली करतो. झोपेचं औषध बंद केलं आणि ती जागी झाली. आवाज नव्हता, कारण हवा गळ्यातूनच निघून जायची. नुसते ओठ हलायचे. पहिल्यांदा ओठ हलले तेव्हा मी तीनदा विचारलं, काय म्हणते, काय म्हणते? त्या दिवशी सिस्टरनं पोरीलाही आत सोडलं होतं. ती म्हणाली, "बाबा, ते म्हणून राहिली, दाढी कराची होती."

त्यानंतर ती बाई आली. व्यायामवाली. माझ्या पोरीपेक्षा लहान, बारीक, चष्मा. मला वाटलं हात-पाय हलवून देणारी असेल. तिनं मला बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली. डॉक्टर लोक असं बसत नाहीत.

"काकाजी, काकूंची छाती आता साफ आहे. अडचण आता ताकदीची आहे."

"कायची ताकद?"

"श्वास ओढायची."

"श्वासाले ताकद लागते का?" मी म्हटलं. "तो तं आपोआप येते."

ती हसली नाही. तिनं स्वतःच्या बरगड्यांच्या खाली हात आडवा ठेवला. "इथं आत एक पडदा असतो. छाती आणि पोटाच्या मधे. तो खाली ओढला की हवा आत येते. तो स्नायू आहे, तुमच्या दंडासारखा. इतके दिवस त्याचं काम मशीननं केलं आणि हा पडून राहिला. पडून राहून वाळला. आता मशीन काढली की त्याला ओढवत नाही." मग मला विचारलं, "तुम्ही काय काम करायचे?"

"हमाली. कळमन्यात. तीस-पस्तीस वर्सं."

"मग तुम्हाला मी काय सांगू?"

आणि खरंच सांगायची गरज नव्हती. जवानीत मला टायफाईड झाला होता. दीड महिना खाटेवर होतो. बरा होऊन कामावर गेलो, पहिलाच बोरा पाठीवर घेतला आणि सगळ्या बाजारासमोर गुडघ्यावर बसलो. गहू सांडला. लोक हसले. आमचा मुकादम शिव्या घालणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं शिवी नाही दिली. म्हणाला, आठ दिवस अर्धे बोरे उचल, मग पाऊण, मग पाहू. घरी बसून ताकद परत येत नाही, उचलूनच येते. हे मी त्या बाईला सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून ती तसंच बोलायला लागली. "काकाजी, आज काकूंच्या पाठीवर पाव बोरा." मला बरं वाटायचं. दवाखान्यात माझ्या कामाचा कोणाला काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तिच्याकडं एक प्लास्टिकची नळी होती, अंगठ्याएवढी जाड. आत स्प्रिंग, मागं फिरवायची चकती. मशीन काढून ती नळी गळ्याच्या नळीला जोडायची. जोर लावून ओढलं तरच झडप उघडायची आणि हवा आत यायची, नाही तर नाही. सहा श्वास झाले की परत मशीन, एक-दोन मिनिटं सुस्तावा, मग परत सहा. अशा पाच खेपा. खेप हा माझा शब्द. चकती फिरवली की ओझं वाढायचं. ते झालं की दिवसात मशीनविना जेवढा वेळ राहता येईल तेवढा ठेवायचं, खुर्चीवर बसवून, रोज थोडा जास्त.

पहिल्या दिवशी तिच्यानं दोनच श्वास झाले. तिसऱ्या दिवशी पाचही खेपा. मशीनविना दहा मिनिटं, मग पंचवीस, मग तास. एका सकाळी मी गेलो तर आमच्या बाईसाहेब खुर्चीवर, वेणी घातलेली, मशीन बाजूला बंद. दोन तास झाले होते. मला पाहून ओठ हलवले. मला आता वाचता यायला लागलं होतं. ती विचारत होती, तिखट कुटलं का.

"नाई," मी म्हटलं. "तू आल्यावर."

तिनं कपाळावर हात मारला. म्हणजे, तुमच्यानं काही होत नाही.

पोरगी घरी गादी उन्हात घालायला लागली होती. आम्ही दोघं बाहेर बसून ठरवायचो, खाट कुठं ठेवायची, न्हाणीत धरायला काय लावायचं. मला वाटतं, ते आठ-दहा दिवस चांगले होते. चांगले म्हणजे आता चांगले वाटतात.

आता विहाराचं सांगतो. ती दर रविवारी विहारात जायची. वंदना झाली की तिथं बायका अर्धा तास डोळे मिटून बसायच्या. श्वासाकडं पाहायचं. आत येतो, बाहेर जातो. ओढायचा नाही, धरायचा नाही, फक्त पाहायचा. मी कधी बसलो नाही. मी तिची टर उडवायचो.

"डोळे मिटाले विहारात काहून जा लागते? घरी झोप नं."

"झोप नसते ते. श्वास पाहा लागते."

"श्वास काय सिनेमा आहे का?"

"तुमी बसून पाहा एक डाव. गप बसणं जमते का पाहा पयले."

ती घरीसुद्धा बसायची, पहाटे, चुलीसमोर. त्या वेळी तिचा चेहरा वेगळा व्हायचा. भांडण नसलेला. मी ते पाहिलेलं आहे, पण तिला कधी म्हटलं नाही.

तर दवाखान्यात. एका सकाळी मी अकरा वाजता आत गेलो तर व्यायाम सुरूच होता. बाईनं चकती बरीच फिरवली होती. मी आधी असा जवळून पाहिला नव्हता, बहुतेक वेळा मी जायचो तेव्हा झालेला असायचा. हिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. खांदे वर जात होते. डोळे मोठे, डोळ्यांत पाणी, आणि ती माझ्याकडं पाहत होती. बाई शांतपणे मोजत होती. "ओढा काकू, ओढा, ओढा, शाब्बास. चार. परत." माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्रास दिसतो काकाजी, पण हाच त्रास कामाचा आहे."

मला माहीत होतं. मी अर्ध्या बोऱ्याची गोष्ट सांगणारा माणूस. पण दुसऱ्याच्या पाठीवर ओझं पाहणं वेगळं आणि तिच्या पाठीवर पाहणं वेगळं. बाहेर आलो. दिवसभर बाकावर बसून होतो. डबा उघडला नाही. पोरीला एवढंच सांगितलं, तिच्या शिरा फुगल्या होत्या.

संध्याकाळी पाचला मी एकटा आत गेलो. ती थकून पडली होती. मशीन लावलेली होती. मी तिच्या कानाशी वाकलो. आणि मी म्हटलं, "ऐक वं. इतकी ओढू नको. तुया विहारात शिकवते नं, तसं कर. श्वास येते, जाते. तू फक्त पाह्य. ओढू नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आश्चर्यानं. चाळीस वर्षांत मी टर उडवण्याशिवाय विहारातलं काही बोललो नव्हतो. मग डोळे मिटले. आणि थोड्या वेळानं तिचा चेहरा तसा झाला, पहाटेचा. मी उभा राहून पाहत राहिलो. सिस्टरनं वेळ झाली म्हटलं तरी हललो नाही. घरी जाताना मी खूश होतो. खोटं कशाला सांगू. मला वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी हिच्यासाठी काही केलं.

दुसऱ्या दिवशी बाई बाहेर आली ती कपाळाला आठी घेऊन. "काकू आज ओढतच नाहीत. नळी लावली की डोळे मिटून घेतात. झडप उघडतच नाही." त्या दिवशी एकही खेप झाली नाही. खुर्चीवर बसवलं, मशीन काढली, तर तशीच डोळे मिटून शांत बसली. थोड्या वेळात अंगातली हवा कमी झाल्याचं उशाच्या स्क्रीनवर दिसलं आणि मशीन परत लावली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. रक्त तपासलं, ठीक. झोपेचं औषध नव्हतंच. ताप नाही. बाई माझ्याजवळ बाकावर बसली.

"काकाजी, काकूंचं मन खचलं का? तुम्हाला काही बोलल्या का? तुम्ही त्यांना काही म्हटलं?"

"मी काय म्हणणार बाई," मी म्हटलं.

पोरगी बाजूलाच होती. तिनं पण विचारलं, "बाबा, भांडले तं नाई नं तिच्यासंगं?"

"मशीनवरच्या बाईशी कोन भांडते?"

मी तोंडाचा फटकळ माणूस आहे. बाजारात मुकादमाला तोंडावर चोर म्हटलेला. मला खोटं बोलायची कधी गरज पडली नाही, आणि सवय नसल्यानं ते इतकं सोपं असतं हे पण माहीत नव्हतं. काहून नाही सांगितलं, मी स्वतःला विचारलं आहे. लाज वाटली. ती बाई मला हमालीचं ज्ञान असलेला माणूस समजत होती, आणि मी अडाण्यासारखं वागलो होतो. दुसरं पण एक होतं. मला वाटत होतं, सांगितलं तर परत ओढायला लावतील, आणि ती परत तशी माझ्याकडं पाहील.

असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर तिच्या नळीतला कफ काढत होती. त्यासाठी मशीन थोडा वेळ बाजूला काढावी लागते. मी पडद्याआडून पाहिलं. मशीन नव्हती आणि छाती हलत नव्हती म्हणावी इतकी कमी हलत होती. आणि चेहरा शांत. ती वाट पाहत होती, श्वास आपोआप येईल म्हणून. तिनं माझं ऐकलं होतं. आयुष्यभर ऐकलं नाही आणि हेच एक ऐकलं.

सिस्टर गेल्यावर मी वाकलो.

"वं. ऐक. मी चुकलो. विहारातलं इथं नाई चालत. इथं ओढा लागते."

तिनं डोळे उघडले. ओठ हलले. मला समजलं नाही. परत हलवले, हळू, लहान पोराला शिकवतात तसे. पाहू, का ओढू?

"ओढ," मी म्हटलं. "बैलासारखी ओढ."

तिचे ओठ परत हलले आणि हे मला पहिल्याच वेळी समजलं. ठरवा एकदाचं.

दुसऱ्या दिवशी तिनं ओढलं. दोन खेपा. तिसऱ्या खेपेत थांबली. चकती आधीपेक्षा ढिली करावी लागली होती, पण बाई बाहेर आली ती हसत. "आज काकू परत आल्या. काय जादू केली काकाजी?" मी खाली पाहिलं. त्याच्या पुढच्या दिवशी तीन खेपा. मशीनविना पंधरा मिनिटं. मी मनात हिशेब मांडत होतो, तीन दिवस मागं गेलो, तीन दिवसांत भरून काढू, मग पुढं.

त्यानंतरच्या सकाळी ताप आला. परत छातीत. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस मशीनवर राहिलेल्याला असा ताप येतो, औषध चालू केलं आहे. मग लघवी कमी झाली. रक्तदाब धरून ठेवायचं औषध लावलं. परत झोपेचं औषध सुरू झालं आणि तिचे ओठ हलायचे थांबले. सहा दिवस तसे गेले. व्यायामवाली बाई रोज यायची, हात-पाय हलवून जायची, आमच्याशी कमी बोलायची.

सातव्या दिवशी सकाळी, भेटायची वेळ व्हायच्या आधी, आम्हाला आत बोलावलं. मशीन चालूच होती. छाती वरखाली होतच होती. ती गेली आहे असं डॉक्टरनं सांगितलं, मग मशीन बंद केली, मग छाती थांबली. मला त्या क्रमाचा फार त्रास झाला. अजून होतो.

बाहेर ती बाई आली. डोळे लाल होते. "काकाजी," म्हणाली, आणि पुढं काही बोलायच्या आत पोरगी तिच्यावर धावली.

"तुमीच थकवलं माह्या मायले. मरत्या बाईले ओझं ओढाले लावलं. बाबानं पाह्यलं सगळं, शिरा फुगल्या होत्या तिच्या. मी लिहून देईन वरतं, सोडणार नाई."

बाई हात बांधून उभी राहिली, लहान पोरीसारखी. मी पोरीपासून एका हाताच्या अंतरावर होतो. मी तिला धरलं नाही, गप नाही केलं. माझं तोंड उघडलं नाही.

दुपारी घाटावर नेलं. संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं आणि सगळ्यांना तेच माहीत झालं होतं. जो येई तो म्हणे, काय बापा, चांगली सुधरून राहिली होती, त्या व्यायामवालीनं ताण दिला म्हणते. मी मान हलवायचो. हो म्हणून नाही, नुसती. पण माणसं मान हलली की हो समजतात.

विहारातले भंतेजी आले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. भंतेजी म्हणायचे आणि आम्ही मागून म्हणायचो. आयुष्यभर ते मी तोंडानं म्हटलं, पुढचं शील कधी येतं याची वाट पाहत. त्या दिवशी पण म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांच्या सोबत. आणि माझ्या बाजूला बसलेली पोरगी रडत रडत म्हणत होती, आणि मला कळलं की हिनं उद्या लिहून दिलं तर खाली माझी पण सही लागेल. सही तेवढी मी चांगली करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी आंगण झाडत होती. मी तिच्या हातातून झाडू घेतला आणि तिला खाटेवर बसवलं.

"त्या बाईचा दोष नाई," मी म्हटलं. "तुया मायनं तीन दिवस ओढलं नाई, ते मी सांगतलं म्हणून."

"काय सांगतलं?"

मी सांगितलं. विहाराचं, कानाशी वाकल्याचं, सगळं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता.

"तुमी? विहारातलं तुमी सांगतलं?"

"हाव."

"आन मले काहून नाई सांगतलं? मी विचारलं होतं तुमाले. त्या बाईनं विचारलं होतं."

"लाज वाटली."

"लाज," ती म्हणाली. खाटेची सुतळी नखानं उकरत राहिली. मग म्हणाली, "मी काय काय बोलली तिले." आणि पदर तोंडाला लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो तर तिनं पाठ बाजूला केली. ते बरोबरच होतं.

"मी जाऊन सांगतो तिले," मी म्हटलं.

"जा. मी नाई येत. माह्यं तोंड नाई तिले दाखवाले."

दाढी केली. ऑटोनं दवाखान्यात गेलो. दारावरचा गार्ड ओळखीचा झाला होता, तरी त्यानं विचारलं, कारण नियम आहे. "पेशंट कोण?"

"नाई आता," मी म्हटलं. "व्यायामवाल्या बाईले भेटाचं आहे."

ती बाहेर आली तेव्हा थोडी मागंच उभी राहिली. काल जे ऐकलं त्यानं. मी बाकावर बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोललो. मी म्हटलं, पोरगी काही लिहून देणार नाही. मग मी ते विचारलं जे विचारायला आलो होतो. "ते तीन दिवस गेले नसते तं वाचली असती का?"

तिनं चष्मा काढला, पुसला, घातला.

"तीन दिवसांनी फरक पडतो, काकाजी. नाही पडत असं मी म्हणणार नाही. पण तो ताप फक्त त्या तीन दिवसांमुळं नव्हता. त्या आधीच किती दिवस मशीनवर होत्या. वाचल्या असत्या की नाही, ते मला माहीत नाही. कोणालाच नाही."

तिनं खोटा धीर दिला नाही म्हणून मी तिच्या पाया पडलो असतो. वयानं लहान म्हणून नाही पडलो.

मग ती म्हणाली, "मला तेव्हाच सांगायचं होतं. मी रागावले नसते. काकूंना आम्ही दोन्ही सांगितलं असतं. नळी लावली की ओढायचा, आणि मशीन लावली की पाहायचा. सहा श्वास ओढायचे, मग डोळे मिटून पाहायचे. दोन्ही जमलं असतं त्यांना. चांगलं जमलं असतं."

हे मला सुचलं नव्हतं. मला वाटलं होतं की दोघांपैकी एकच खरं असतं. बायकोलाही मी तसंच सांगितलं होतं, एकदा हे, एकदा ते.

बाईनं विचारलं, "विहारात नेमकं काय सांगतात, काकाजी? मला सांगाल का? आत आणखी दोघं आहेत, मशीन लावली तरी घाबरलेलेच असतात."

मी म्हटलं, मी कधी बसलो नाही, माझ्या बायकोलाच माहीत होतं. तरी बाई थांबली. मग मी तिथंच भिंतीशी उभा राहून सांगितलं, मी टर उडवायचो तेव्हा ती मला जेवढं सांगायची, आणि त्यातलं जेवढं मी ऐकलं होतं. ते फार नव्हतं.